छतावर सोलर बसवताय? आधी लाइट बिलावर नाव कुणाचं आहे ते बघा

आमच्या घरचं सोलर बघायला आत्तापर्यंत इतकी माणसं येऊन गेली की आक्का म्हणते आता चहापावडरीवर पण सबसिडी मागून घे सरकारकडनं. पाहुणे, भावकी, शेजारच्या गावातले ओळखीचे, सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. आम्ही पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे, त्यामुळं काही गोष्टी आमच्या भागाच्या आहेत, पण सांगली-सातारा दोन्हीकडं बऱ्यापैकी सारखंच चालतंय.

योजनेचं नाव पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, देशात १ कोटी घरांवर सोलर बसवायचं टार्गेट आहे, ७५,०२१ कोटींची तरतूद आणि मुदत २०२६-२७ पर्यंत. आता 'मुफ्त' शब्द ऐकून लई जण फसतात. कुणी फुकट लाइट देत नाही. तुम्ही तुमच्या पैशानं पॅनल बसवायचे, सरकार त्यातली काही रक्कम नंतर खात्यावर टाकतंय, आणि पॅनल जी वीज बनवतील तेवढी बिलातनं वजा होते. एवढाच हिशोब.

सबसिडी अशी आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे १ किलोवॅटला ३०, दोनला ६० आणि तीनला ७८ हजार. त्याच्या वर पाच बसवा नाहीतर दहा बसवा, ७८ हजारच. आणि पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्यासारखी करून देणारं यंत्र) यात ज्याची क्षमता कमी असेल ती धरतात, हे पण ध्यानात ठेवा. (आणि किलोवॅट म्हणा हो, 'तीन केव्हीचं सोलर' म्हणू नका, केव्ही हे व्होल्टेजचं माप आहे, पण आमच्याकडं डीलर पण केव्हीच म्हणतात, त्याला काय करायचं.)

आता खरा विषय. ऑनलाइन फॉर्म, ओटीपी वगैरे सगळं नंतर, आधी घरातलं लाइट बिल हातात घ्या आणि वरचं नाव वाचा.

आमच्याकडं नाव होतं आजोबांचं. आजोबांना जाऊन १४ वर्षं झाली. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येत होतं आणि आम्ही मुकाट्यानं भरत होतो, कुणाला कधी वाटलं पण नाही की बदलून घ्यावं. गावात दहातल्या सहा घरात हीच गत असणार, मीटर आजोबांच्या नाहीतर पणजोबांच्या नावावर, घरपट्टी थोरल्या चुलत्याच्या नावावर, आणि राहतोय तिसराच. सबसिडी ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याच बँक खात्यात जाते. वारलेल्या माणसाचं आधार आणि पासबुक कुठनं आणणार? म्हणून नाव बदल हे पहिलं काम, आणि डीलर काहीही म्हणू दे, 'होतंय ओ नंतर, आधी पॅनल तर बसवू' असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

नाव बदलायला आम्हाला लागलं ते असं: मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा ८ नंबरचा उतारा, आधार, शेवटचं भरलेलं बिल आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. बाकीचे कागद दोन दिवसात जमले, संमतीपत्राला मात्र महिना गेला. तात्या म्हणजे आमचे धाकटे चुलते पुण्याला असतात, त्यांना वाटलं मीटर नावावर करून घेतोय म्हणजे घरच नावावर करून घेतोय. मीटर नावावर झालं म्हणून घराची मालकी बदलत नाही, वाटणी वेगळी आणि वीज कनेक्शन वेगळं, हे त्यांना फोनवर समजंना, मग दिवाळीत आल्यावर समोर बसून सांगितलं तेव्हा सही केली. सांगायचं काय तर हे काम सणासुदीला भावकी जमते तेव्हा उरकून घ्या. महावितरणच्या साइटवर ऑनलाइन अर्ज होतो, नाहीतर सेक्शन ऑफिसला जावा. थकबाकी असली तर आधी ती भरून टाका. आणि आधार, बिल, पासबुक तिन्हीकडं नाव सारखं पाहिजे, एकीकडं 'रामचंद्र' आणि दुसरीकडं 'रामू' असं असलं की पुढं अडकलं म्हणून समजा. आमच्यात आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी बँकेत दोन हेलपाटे झाले, चूक आमचीच होती, फॉर्म भरताना बघितलंच नव्हतं.

नावाचं झालं की त्याच बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतोय तो बघा. बारा महिन्यांचे युनिट एकत्र करा आणि बाराने भागा. आमचे वर्षाचे २,५२० भरले, म्हणजे महिन्याला सरासरी २१०. आपल्या भागात १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट बनवतंय, म्हणजे महिन्याला १२०. २१० ला १२० ने भागा, पावणेदोन येतंय, म्हणजे २ किलोवॅट बास. पोर्टलवर पण अंदाज तसाच दिलाय, १५० युनिटपर्यंत एक ते दोन किलोवॅट, १५० ते ३०० ला दोन ते तीन.

आमच्याकडं आलेला पहिला माणूस ५ किलोवॅटच बसवा म्हणून मागं लागला होता, 'जास्तीची वीज सरकारला विका, पैसे कमवा'. हे अर्धं खरं आहे. दिवसा जास्त झालेली वीज ग्रीडमध्ये म्हणजे महावितरणच्या लाइनमध्ये जाते, तिचे युनिट तुमच्या नावावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेल्या युनिटला ठरवून दिलेला कमी दर मिळतो, तुम्ही बोर्डाला देता तो दर नाही. त्यामुळं वीज विकून बंगला बांधायचं डोक्यातनं काढून टाका. तीनच्या वर तर सबसिडी पण वाढत नाही. हां, पुढच्या वर्षी एसी घेणार असाल किंवा इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर तेवढं वाढवून धरा, ते चालतंय.

कमी वापरवाल्यांनी पण हिशोब करावा. आपल्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ पासनं पुढचा दर दुपटीच्या वर जातो. सोलर काय करतंय, तर आधी ते वरचे महागातले युनिट खातंय. म्हणून १८० युनिटवाल्यानं १ किलोवॅट जरी बसवलं तरी बिल अर्ध्याच्या पण खाली येतंय. आणि ज्यांचा महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची वेगळी स्मार्ट योजना आहे, केंद्राच्या ३० हजाराच्या वर राज्य भर घालतंय, दारिद्र्यरेषेखालच्या घराला साडेसतरा हजार, म्हणजे ५० हजाराच्या १ किलोवॅटला घरचे अडीच हजारच जातात. हे ज्यांना लागू आहे त्यांनाच माहिती नसतंय, तुमच्या वस्तीत कोण असेल तर सांगा.

आता छत. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा धरा. हल्ली ५४० वॅटचे पॅनल येतात, एकेक साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, दोन किलोवॅटला चार बसतात. तोंड दक्षिणेला आणि तिरकेपणा १५ ते १७ अंश, आपला अक्षांशच तेवढा आहे. पण सावलीचं गणित कुणी सांगत नाही, आणि आमचं तिथंच चुकलं. बसवणाऱ्यानं जागा बघितली ती मे महिन्यात दुपारी १२ ला. तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली कुठं पडणार? डिसेंबर आला, सूर्य दक्षिणेला कलला आणि तीन वाजले की पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर यायला लागली. एकाच पॅनलवर पडली तरी पूर्ण ओळीची वीज कमी होते, कसं, तर पाटात वरच्या अंगाला ढेकूळ पडलं की खालच्या सगळ्या सऱ्यांना पाणी कमी, तसंच. शेवटी टाकी हलवली, प्लंबरचे पैसे गेले ते वेगळेच. तुम्ही सकाळी नऊला आणि दुपारी चारला छतावर जाऊन बघा, टाकी, नारळ, शेजाऱ्याचा वरचा मजला, मोबाईलचा टॉवर सगळं बघा, आणि थंडीत सावली लांब पडते हे धरून चाला. शेजारी यंदा वर मजला चढवणार आहे का हे पण हळूच विचारून घ्या.

फॉर्म भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पीएम सूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन ही साइट, तिथं राज्य, जिल्हा, महावितरण निवडायचं, बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो. अर्जाला फी नाही. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट काढून टाकलीय त्यामुळं मंजुरीला आता थांबावं लागत नाही. कुणी व्हॉट्सअपवर लिंक पाठवली, 'हे ॲप घ्या, प्रोसेसिंग फी भरा, सबसिडी लगेच', तर डिलीट मारा, आमच्या ओळखीतल्या एकाचे असेच १२ हजार गेले. मीटर घरगुतीच पाहिजे, दुकानाच्या नाहीतर पिठाच्या गिरणीच्या मीटरवर ही सबसिडी नाही. दहावीतलं पोरगं पण पंधरा मिनिटात फॉर्म भरतंय, सायबर कॅफेवाल्याला पाचशे देऊ नका.

मग वेंडर निवडायचा, तो पोर्टलच्या यादीतलाच पाहिजे, यादीबाहेरच्याकडनं बसवलं तर सबसिडी विसरा. निदान तीन जणांकडनं कोटेशन घ्या आणि लेखी घ्या. त्यात पॅनलची कंपनी, वॅट, किती नग, इन्व्हर्टरची कंपनी, स्ट्रक्चरची म्हणजे पॅनलखालच्या सांगाड्याची उंची, वायर कॉपर का ॲल्युमिनियम, अर्थिंग किती, नेट मीटरचा (आलेली आणि गेलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) खर्च धरलाय का नाही, हे सगळं लिहून पाहिजे. आणि एक शब्द नक्की बघा, डीसीआर. म्हणजे पॅनल आणि त्याच्या आतले सेल दोन्ही भारतात बनलेले. सबसिडीला तेच लागतात. बाहेरच्या सेलचे पॅनल स्वस्त मिळतात, वरनं दोन्ही सारखेच दिसतात, आणि स्वस्तातलं कोटेशन बघून माणूस घसरतोय. पॅनलचे सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि बसवायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, वर चढल्यावर मागचं स्टिकर दिसत नाही. दर म्हणाल तर दोन किलोवॅटचं आम्हाला १ लाख ३० हजाराला पडलं, ६० परत आले, म्हणजे घरचे ७०. आधी महिन्याला दोन-सव्वादोन हजार बिल यायचं, तीन वर्षात पैसे वसूल होतील. २०२५ च्या सप्टेंबरपासनं सोलरवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये जुनाच टक्का तर लावला नाही ना तेवढं बघा.

पैसे एकदम नसतील तर पतसंस्थेत जायच्या आधी सरकारी बँकेत विचारा. जनसमर्थ पोर्टलवरनं या योजनेचं कर्ज मिळतंय, तारण लागत नाही, २ लाखापर्यंत, आणि व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेलं असल्यामुळं पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी पडतंय. 'सबसिडी वजा करून राहिलेलेच द्या' असं म्हणणारे वेंडर पण असतात, ऐकायला बरं वाटतंय, पण मग सबसिडी आल्यावर ती त्याला द्यायची हे लेखी नसलं की भांडणं होतात. पैसे टप्प्यानं द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावरच. मी हे केलं म्हणून टाकीच्या सावलीवेळी तो माणूस फोन तरी उचलत होता.

बसवताना तुम्ही स्वतः घरी थांबा. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड पाहिजे, साधा पाइप रंगवून आणला तर तीन पावसाळ्यात गंजतोय. स्लॅबला होल मारून बोल्ट ठोकत असतील तर त्यावर काँक्रीटचा ठोकळा आणि वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर जुलैत बेडरूममध्ये पाणी ठिबकणार. माथ्यावरच्या गावांनी, जत, कवठेमहांकाळकडं नाहीतर साताऱ्यात चाळकेवाडीच्या अंगाला, वारं किती असतंय सांगायला नको, पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत, तिथं स्ट्रक्चर उंच करायच्या नादाला लागू नका. अर्थिंगचे खड्डे तीन असतात, डीसीचा (पॅनलकडच्या विजेचा), एसीचा (घराकडच्या विजेचा) आणि वीज अटकाव यंत्राचा, एकात तिन्ही उरकायला बघतात.

नदीकाठच्यांनी हे नीट वाचा. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. इन्व्हर्टर लावणाऱ्याला वायर वाचवायची असते म्हणून तो खाली मीटरशेजारीच लावतोय म्हणतो. आम्ही ऐकलं नाही, इन्व्हर्टर आणि एसी-डीसीच्या स्विचचे दोन्ही डबे जिन्याच्या वरच्या खोलीत लावून घेतले, वायरीचे चार हजार जास्त गेले, जाऊ दे. आणि पूर येतोय असं दिसलं की घर सोडायच्या आधी एसीचा आणि डीसीचा दोन्ही स्विच बंद करा. लाइट गेली म्हणजे सगळं थंड झालं असं नसतंय, ऊन आहे तोपर्यंत पॅनलपासनं इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत करंट असतोच.

यावरनंच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लाइट गेल्यावर सोलर चालतंय का? नाही चालत. या योजनेत सगळे बसवतात ते ऑन-ग्रिड असतंय, खांबावरची लाइट गेली की ते पण बंद पडतंय, कितीही कडक ऊन असू दे. मुद्दाम तसं केलंय, तुमच्या छतावरची वीज तारेत उलटी गेली तर खांबावर चढलेला वायरमन जाईल. आमचे आण्णा पहिल्याच भारनियमनाला म्हणाले, 'मग सव्वा लाख कशाला घातलेस?' बॅटरीवालं हायब्रीड मिळतंय, पण बॅटरीवर सबसिडी नाही आणि खर्च लई वाढतोय. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे तो तसाच ठेवा, पंखा आणि दोन दिवे त्यावर चालतात.

पॅनल लागले, वेंडरनं फोटो आणि कागद पोर्टलवर चढवले की नेट मीटर लागतो, तपासणी होते, मग कमिशनिंग झाल्याचं म्हणजे सोलर रीतसर चालू झाल्याचं सर्टिफिकेट येतंय. ते आलं की बँकेचं पासबुक नाहीतर कॅन्सल चेक तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकायचा, ही पायरी लई जण विसरतात आणि सबसिडी का येईना म्हणून बोंबलत बसतात. सरकार ३० दिवसात म्हणतंय.

नेट मीटर लागल्यावरची पहिली दोन बिलं डोळ्यात तेल घालून बघा. त्यावर आयात किती, निर्यात किती, पुढं जमा किती हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. बिल शून्य येत नाही, स्थिर आकार राहतोच, आमचं दीडशेच्या आसपास येतंय. आणि पावसाळ्यात युनिट पडतात, जुलै-ऑगस्टमध्ये पाटण, महाबळेश्वरकडं तर विचारूच नका, तेव्हा घाबरून वेंडरला फोन करू नका. पाटण तालुक्यातलीच मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालंय बरं का, एवढा पाऊस पडतोय त्या भागात तरी, तेव्हा 'आमच्याकडं ऊन नसतंय' हे कारण सांगू नका.

शेतीपंपाचं यात मिसळू नका, ती वेगळी योजना, मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, वर साडेसात. रात्री बाराला पाणी पाजायला जाणं बंद होतंय हाच त्यातला मोठा फायदा, पण त्याच्या अडचणी वेगळ्या, त्यावर परत कधीतरी.

राहिली निगा. उसाचा हंगाम चालू झाला की आमच्याकडं फड पेटवतात आणि ती काळी काजळी उडून थेट पॅनलवर येऊन बसते, नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातनं एकदा तरी पुसावं लागतंय. पुसायचं ते पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. साबण नको, घासणी नको, मऊ फडकं आणि साधं पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात आणि ते मग निघत नाहीत, जत-आटपाडीकडच्या पाहुण्यांचं तसंच झालंय, त्यांनी आता पिण्याच्या पाण्यातल्या दोन बादल्या वापरायला चालू केल्यात. पाच वर्षं देखभाल वेंडरनंच करायची असते, करारात आहे ते, वर्षातनं एकदा तरी बोलवून नटबोल्ट आवळून घ्या. करार, बिल, सिरीयल नंबरचे फोटो, वॉरंटी कार्ड, कमिशनिंगचं सर्टिफिकेट, सगळं एका पिशवीत घाला. आमच्यात ती पिशवी आक्कानं सातबाऱ्याच्या ट्रंकेत ठेवलीय, पूर आला की पहिली ती ट्रंकच वर जाते.